सुई, दोरा आणि हातवळण : टाक्यांच्या सरावाविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे स्किल लॅबमधली, म्हणजे रुग्णाआधी कृत्रिम कातडीच्या पॅडवर टाक्यांचा सराव करायच्या प्रयोगशाळांमधली आहेत. इंटर्न, शल्यचिकित्सेचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, नर्सिंगच्या शिक्षिका आणि लॅब सांभाळणारे सहायक यांनी ती पाठवली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : सिलिकॉन पॅडवर ३-० जाडीच्या नायलॉन दोऱ्याने टाके घालताना दर तीन-चार टाक्यांनंतर माझी सुई वाकते. सुया हलक्या आहेत की माझे काही चुकते आहे? अर्ध्या तासात मनगटही भरून येते. (इंटर्न)

उत्तर : सुईचा दोष क्वचितच असतो. ती गोलाईत घडवलेली असते आणि तिला गोलाईतच पुढे जायचे असते. हात तिला सरळ रेटतो तेव्हा ती वाकते, आणि तोच रेटा मनगटालाही शिणवतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

आधी सुई कुठे धरता ते पाहा. दोरा जिथे सुईत बसवलेला असतो त्या मागच्या टोकाला भोक असते, म्हणून तो भाग कमकुवत असतो. तिथे धरली की सुई चेपते किंवा वाकते. टोकाकडून मोजत अर्ध्यावर किंवा त्याच्या थोडे पुढे, दोन तृतीयांशापर्यंत धरावी. सिलिकॉन चिवट असते, त्यामुळे पॅडवर अर्ध्याच्या जवळ धरलेली बरी. नीडल होल्डरच्या (सुई धरायच्या पकडीच्या) जबड्याचे फक्त शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सुईवर यावेत आणि सुई होल्डरला काटकोनात असावी. हा काटकोन बिघडला की मनगट फिरते एका अक्षावर आणि सुईची गोलाई दुसऱ्याच अक्षावर, आणि टोक बाजूला ओढले जाते. वाकलेल्या सुयांपैकी निम्म्या तरी इथेच वाकतात असा आमचा अंदाज आहे.

आता फिरवणे. सुईचे टोक पृष्ठभागावर ९० अंशांत टेकवा. त्या क्षणी, उजव्या हाताचा माणूस असेल तर, तळहात खाली वळलेला असतो. तिथून हात पुढे न सरकवता फक्त मनगट आणि कोपराखालचा हात वळवत तळहात वर आणायचा. कुलपात किल्ली फिरवतो तशी ही हालचाल आहे. कोपर शरीरापासून लांब जाऊ लागले तर तुम्ही फिरवत नाही, ढकलत आहात.

तिसरी जागा सुई बाहेर काढतानाची. टोक जेमतेम दोन मिलिमीटर दिसले की ते चिमटीत धरून ओढायचा मोह होतो. टोक धरले की ते बोथट होते, पुढचा टाका जड जातो, मग जोर वाढतो आणि सुई वाकते. मागून आणखी थोडी फिरवा, सात-आठ मिलिमीटर बाहेर येऊ द्या, टोक मोकळे ठेवून त्यामागे धरा आणि गोलाईतच बाहेर काढा.

कधी कधी सुईच त्या कामासाठी लहान असते. साधा हिशोब करून पाहा. सुई २४ मिमीची असेल आणि ती दोन तृतीयांशावर धरली, तर वापरायला १६ मिमीची कमान उरते. ३/८ वर्तुळाच्या सुईत या कमानीची सरळ रुंदी सुमारे १४ मिमी भरते. दोन्ही कडांपासून ५-५ मिमी, म्हणजे १० मिमीचा टाका एका दमात घेतला, तर टोकाकडचे थोडेच अंतर बाहेर येते. सुई याहून लहान असेल तर एका कडेतून बाहेर काढा, जखमेत पुन्हा धरा आणि दुसरी कड स्वतंत्र घ्या. दोन टप्प्यांत टाका घेण्यात काहीच कमीपणा नाही.

दोऱ्याशिवाय एक सराव करा. सुईला पाच सेंटिमीटर दोरा ठेवून बाकीचा कापा (एवढा दोरा राहिला की सुई पडली तरी सापडते). पॅडवर १० मिमी अंतरावर पेनाने ठिपक्यांच्या जोड्या काढा. एका ठिपक्यात शिरायचे, दुसऱ्यातून निघायचे. वीस वेळा. निघायची जागा सतत ठिपक्याच्या अलीकडे पडली तर टोक तिरके शिरते आहे. डावी-उजवीकडे भरकटली तर होल्डरमधला काटकोन सुटला आहे.

मनगटासाठी टेबलाची उंची कोपराइतकी ठेवा. अंगठा आणि अनामिका कड्यांत पहिल्या पेरापर्यंतच घाला, तर्जनी होल्डरच्या सांध्याकडे टेकवा आणि रॅचेटची (होल्डर मिटलेला ठेवणाऱ्या खाचांच्या पट्टीची) पहिलीच खाच लावा. तिन्ही खाचा करकचून लावल्याने सुई अधिक घट्ट बसत नाही, फक्त बोटे थकतात आणि होल्डरचे जबडे झिजतात. वाकलेली सुई सरळ करून पुन्हा वापरू नका. वाकून सरळ केलेला धातू पुढच्या टाक्यात तुटू शकतो, आणि तुटलेले टोक पॅडमध्ये शोधणे फार त्रासाचे असते.

प्रश्न : माझ्या नायलॉनच्या गाठी दुसऱ्या दिवशी सैल झालेल्या असतात. रेशमी दोऱ्याच्या मात्र टिकतात. गाठ तर एकच मारते. (नर्सिंग, तिसरे वर्ष)

उत्तर : रेशीम विणलेले असते, त्यामुळे वेढे एकमेकांना धरून ठेवतात. नायलॉन एकेरी, गुळगुळीत तंतू आहे आणि पाकिटात जसा दुमडून ठेवला होता तसा परत वळायला पाहतो. रेशमावर चुकीची गाठही बरेचदा निभावून जाते, नायलॉन ती उघडी पाडतो. म्हणून शिकायला नायलॉनच चांगला.

बहुतेक वेळा चूक दिशेची असते. पहिला वेढा आणि दुसरा वेढा उलट दिशांनी पडले तर स्क्वेअर नॉट बनते आणि ती सपाट बसते. दोन्ही एकाच दिशेने पडले तर ग्रॅनी नॉट बनते आणि ती सरकते. दिशा पाठ करण्याऐवजी एक नियम पाळा : नीडल होल्डर दर वेळी दोन्ही दोऱ्यांच्या मध्ये, जखमेच्या रेषेवर धरायचा आणि लांब दोरा त्याच्याभोवती गुंडाळायचा. पहिल्या वेढ्यानंतर आखूड टोक जखमेच्या दुसऱ्या बाजूला जाते. मग होल्डर पुन्हा मध्ये आणला की दुसरा वेढा आपोआप उलट पडतो. होल्डर दोऱ्यांच्या बाहेरून नेला की ग्रॅनी बनली समजा.

पूर्ण क्रम असा. आखूड टोक दोन-तीन सेंटिमीटर ठेवा. जास्त ठेवले तर ते फासातून निघता निघत नाही. पहिल्यांदा दोन वेढे. आखूड टोकाचे अगदी शेवट पकडून ओढा, हात एकमेकांना पार करून विरुद्ध बाजूंना न्या आणि वेढे सपाट बसले का पाहा. मग उलट दिशेने एक वेढा, पुन्हा उलट एक. रेशमाला एवढे पुरते. नायलॉनला एकूण चार ते पाच फेऱ्या द्या. पॉलिप्रॉपिलीन आणखी निसरडे असते, त्याला पाचपेक्षा कमी नको.

सरकण्याचे दुसरे कारण ताण असमान असणे. एक दोरा ताठ धरून दुसराच ओढला तर ताठ दोरा सरळ राहतो, दुसरा त्याच्यावर नुसते वेढे घालतो आणि गाठ मण्यासारखी घसरते. वेढ्यांच्या दिशा बरोबर असूनही हे होते, त्यामुळे विद्यार्थी गोंधळतात. दोन्ही टोके सारख्याच जोराने, कातडीला समांतर ओढायची. वर उचलून ओढले की ताण बिघडतो.

तिसरे कारण दोऱ्याला झालेली इजा. होल्डरने दोरा मध्येच पकडला तर नायलॉन चपटा होतो आणि तिथेच तुटतो. जो भाग शेवटी कापून टाकायचा आहे, तेवढाच पकडा. पाकिटातून काढल्यावर दोरा दोन्ही हातांनी हळूच ताणून त्याच्या घड्या मोडल्या तरी काम सोपे होते.

गाठ खरेच पक्की आहे का, हे तपासता येते. टाका एखाद्या गुळगुळीत नळीभोवती बांधा, बाजूला सरकवून काढा, गाठीच्या समोरचा फास कापा आणि दोन्ही बाजू घट्ट ओढा. टोके तीन मिलिमीटर ठेवलेली असतील आणि गाठ सुटली, तर फेऱ्या कमी आहेत किंवा दिशा चुकली आहे. दोन रंगांच्या जाड दोऱ्यांवर एकदा दोन्ही गाठी बांधून शेजारी ठेवा. स्क्वेअर नॉटची टोके फासाच्या रेषेत पडून राहतात, ग्रॅनीची आडवी उभी राहतात. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की नायलॉनच्या बारीक गाठीतही तो ओळखू येतो.

आणि घट्टपणा. जखम पुढच्या एक-दोन दिवसांत सुजते. टाका आजच कातडीत रुतला असेल तर सूज आल्यावर तो ती कापत जाईल आणि रक्तपुरवठाही अडेल. कडा टेकल्या की थांबा. आवळल्यावर कातडी पांढरी पडते तसे पॅड पडत नाही, त्यामुळे इथे दुसरी खूण वापरा : दोन टाक्यांमधला भाग फुगून उशीसारखा दिसला तर गाठी फार आवळल्या आहेत.

प्रश्न : टाके समान अंतरावर आणि सरळ रेषेत आहेत, तरी परीक्षक म्हणतात, "कडा आत वळल्या आहेत." पॅडवर मला तरी काही दिसत नाही. ते नेमके काय पाहतात? (शल्यचिकित्सा, पहिले वर्ष)

उत्तर : ते दोऱ्याकडे पाहतच नाहीत, कडांकडे पाहतात. वरून टाके कितीही देखणे असले तरी आत सुईने कोणता माग काढला यावर कडा वर उचलतील की आत बुडतील हे ठरते. कडा आत वळल्या की कातडीचा वरचा थर वरच्या थराला टेकतो आणि जखम नीट सांधत नाही. सांधली तरी व्रण खोलगट राहतो आणि त्याची सावली पडते. कडा किंचित वर ठेवल्या तर व्रण पुढे आकसून सपाट होतो.

माग सुरईसारखा हवा, वर निमुळता आणि तळाशी रुंद. त्यासाठी सुई ९० अंशांत शिरली पाहिजे. शिरताना टोक जखमेपासून किंचित बाहेरच्या बाजूला रोखले तर आणखी चांगले. नवशिक्याची सुई शिरल्याबरोबर जखमेकडे धावते आणि माग उथळ बशीसारखा होतो. अशा टाक्याला गाठ मारली की तो वरच्या कडा आत ओढतो. दुसऱ्या बाजूला उलटी काळजी घ्यायची : जितक्या खोलीवर पहिल्या कडेतून बाहेर आलात तितक्याच खोलीवर दुसऱ्या कडेत शिरायचे, आणि बाहेर निघतानाही कडेपासूनचे अंतर तेवढेच. खोली कमीजास्त झाली की पायरी पडते. पायरी पडलीच तर उंच बाजूला उथळ आणि सखल बाजूला खोल घ्या, ती जुळते.

पॅडवर दिसत नाही हे तुमचे म्हणणे खरे आहे, म्हणून पॅड कापून पाहा. टाकून द्यायच्या जुन्या पॅडवर गडद दोऱ्याने सहा टाके घाला, गाठी मारा आणि मग ब्लेडने टाक्याला अगदी लागून पॅड आरपार उभे कापा. दोऱ्याचा माग कापलेल्या बाजूवर दिसेल. सहापैकी किती सुरईसारखे आणि किती बशीसारखे, ते मोजा. एवढ्या एका कापण्याने जे कळते ते शंभर टाके वरून पाहून कळत नाही.

अंतरांविषयी : हातापायावर किंवा धडावर कडेपासून सुमारे ५ मिमी आणि दोन टाक्यांमध्ये ५ ते १० मिमी. चेहऱ्यावर बारीक दोऱ्याने कडेपासून २-३ मिमी आणि दोन टाक्यांमध्ये ३ ते ५ मिमी. लांब किंवा वळणदार जखमेत पहिला टाका मधोमध घाला, मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्यावर. एका टोकापासून सुरुवात केली तर शेवटी एका बाजूची कातडी उरते आणि कानासारखी वर उभी राहते.

साध्या टाक्याने कडा उचलतच नसतील तेव्हा व्हर्टिकल मॅट्रेस वापरतात. आधी दोन्ही बाजूंना लांबून, कडेपासून ५ ते १० मिमीवर, खोल जायचे. मग सुई उलटी वळवून त्याच रेषेत कडेपासून १ ते ३ मिमीवर, उथळ परत यायचे. चारही छिद्रे एका सरळ रेषेत पडली पाहिजेत. परतीची फेरी खोल गेली की मॅट्रेसचा सगळा फायदा जातो. हा टाका कडा छान उचलतो, पण त्याखालची कातडी चेपतोही, म्हणून गाठ आणखी हलकी हवी.

चिमट्याकडेही लक्ष द्या. दात्यांचा ॲडसन चिमटा पेनासारखा धरायचा आणि त्याने कातडीचा वरचा भाग चिमटायचा नाही, कडेच्या आतून खालचा थर उचलायचा. नव्या पॅडवर दहा टाके झाल्यावर पृष्ठभागावर दात्यांचे ठसे मोजा. शून्य ठसे हे गाठता येण्यासारखे लक्ष्य आहे.

हे सगळे कातडीपुरते आहे. आतड्याच्या शिवणीत पारंपरिक पद्धत नेमकी उलट, कडा आत वळवण्याची. बाहेरचे आवरण बाहेरच्या आवरणाला टेकले की ते लवकर चिकटते, ही फ्रेंच शल्यचिकित्सक लांबेर यांची १८२६ सालची पद्धत आजही शिकवली जाते. म्हणून "कडा बाहेर" हे सूत्र पाठ करताना कोणत्या ऊतीसाठी, तेही पाठ करा.

प्रश्न : आमची सिलिकॉन पॅड दोन-तीन आठवड्यांत चिंध्या होतात. काय चुकते? कापड, फोम किंवा प्राण्यांची कातडी वापरावी का? (लॅब सहायक)

उत्तर : पॅड निवडताना वरच्या थरात जाळी आहे का ते पाहा. जाळी नसलेले पॅड पहिल्याच घट्ट टाक्याला फाटते. त्यानंतर बहुतेक नुकसान टाके काढताना होते. विद्यार्थी गाठीसकट दोरा ओढतात आणि गाठ छिद्र फाडत बाहेर येते. गाठ चिमट्याने उचलून, तिच्याखाली, कातडीला लागून एकच बाजू कापा आणि दोरा ओढून घ्या. रुग्णाचे टाके असेच काढायचे असतात, तोही सराव होतो.

नव्या जखमा एकमेकींपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब आणि पॅडच्या काठापासून दोन सेंटिमीटर आत करा. सुई कुरकुरत जात असेल तर पॅडला साबणाच्या पातळ पाण्याचा हात द्या. दिवसअखेर सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, वर थोडी टाल्क पावडर भुरभुरा, म्हणजे चिकट होत नाही.

सपाट ठेवलेल्या पॅडची जखम मिटलेलीच राहते, खरी जखम ताणामुळे उघडते. आठ-दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर पॅड बांधले की जखमेच्या कडा फाकतात आणि ताणावर टाका घालण्याची सवय होते. पॅड जागेवर घट्ट बसवलेले हवे, नाहीतर डावा हात ते धरण्यातच गुंततो आणि चिमटा वापरायला शिकत नाही.

कापडाला कमी लेखू नका. सुश्रुतसंहितेतल्या सरावाच्या अध्यायात शिवणीसाठी पातळ आणि जाड कापडाच्या कडा आणि मऊ चामडे सांगितले आहे. सुई फिरवणे, समान अंतर आणि गाठी यांसाठी जाड फेल्ट आजही उत्तम. कडा उचलणे मात्र कापडावर शिकता येत नाही. फोमचा उपयोग वेगळा : जरा आवळले की तो फाटतो, त्यामुळे हलका हात शिकवतो. केळ्याची सालही त्याच कामाची.

मानवी कातडीच्या सर्वांत जवळ डुकराची कातडी जाते, थर आणि जाडी दोन्हींत. गोठवलेले पाय चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून वितळवावे, त्याच दिवशी वापरावे आणि पुन्हा गोठवू नये. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालून काम करावे. त्यासाठी उपकरणे आणि फळ्या वेगळ्या राखाव्यात, त्या सिलिकॉनच्या टेबलावर परत येता कामा नयेत. ऊतीचा कचरा जैविक कचऱ्यात, सुया सुयांच्या डब्यात. प्राण्यांची ऊती हाताळायला नको असणाऱ्या विद्यार्थ्याला कारण न विचारता कृत्रिम पॅड द्यावे. पायाभूत कौशल्य त्यावरही पूर्ण शिकता येते.

उपकरणांचे एक पाहा. बऱ्याच लॅबमध्ये नीडल होल्डर कमी पडले की आर्टरी फोर्सेप्सने सुई धरायला देतात. त्याचे जबडे लांब आणि आडव्या खाचांचे असतात, सुई त्यात फिरते आणि मुले चुकीची सवय लावून घेतात. जुने होल्डरही तपासा : दुसऱ्या खाचेवर सुई धरून तिला दुसऱ्या चिमट्याने हलवा. ती सहज फिरली तर जबडे झिजले आहेत.

प्रश्न : मी डावखुरी आहे. होल्डर उघडतानाच माझा हात अडतो. उजव्या हाताने शिकू का? (एमबीबीएस, अंतिम वर्ष)

उत्तर : नको. ज्या हाताने लिहिता त्याच हाताने शिका. अडचण हातात नाही, रॅचेटमध्ये आहे. नेहमीचा होल्डर उजव्या अंगठ्याच्या नैसर्गिक रेट्याने सुटेल असा बनवलेला असतो. डाव्या हातात तोच रेटा खाच आणखी घट्ट करतो, म्हणून अंगठा तळहाताकडे ओढून आणि बोटे बाहेर ढकलून तो सोडवावा लागतो. डावखुऱ्यांसाठीचे होल्डर मिळतात, लॅबने एक संच तरी ठेवावा. तो नसेल तर बोटे कड्यांत न घालता होल्डर तळहातात धरून पाहा, खाच सोडवणे बरेच सोपे जाते. कात्रीचेही तसेच : उजवी कात्री डाव्या हातात पाती विलग करते आणि दोरा चावते, तिथेही अंगठा आत ओढत कापा.

सुईचे टोक उजवीकडे रोखून धरा आणि डावीकडून उजवीकडे टाका घ्या. शिकवणारे उजवे असतील तर शेजारी बसू नका, समोर बसा. त्यांची हालचाल तुम्हाला आरशासारखी दिसेल आणि जशीच्या तशी उचलता येईल.

प्रश्न : हाताने गाठ मारणे आधी शिकावे की होल्डरने?

उत्तर : कातडीसाठी होल्डरने. दोरा वाचतो आणि सुईवर नजर राहते. हाताची गाठ खोलवरच्या रक्तवाहिन्या बांधताना लागते. ती दोन हातांची आधी शिका, एका हाताची नंतर, बुटाच्या नाडीएवढ्या जाड दोऱ्यावर, एखाद्या आकड्याला बांधून.

प्रश्न : वीस विद्यार्थी, दोन तास, दोन शिक्षक. वर्ग संपतो तेव्हा निम्म्यांचे टाके पाहिलेलेच नसतात. वेळ कसा वाटावा? (नर्सिंग शिक्षिका)

उत्तर : एका शिक्षकामागे दहा विद्यार्थी असताना सगळ्यांचे सगळे पाहणे जमणार नाही. पाच-पाच जणांचे चार गट करा. दोन गटांनी शिक्षकांसमोर बसून टाके घालावेत. उरलेल्या दोन गटांनी दोऱ्याशिवायची सुई, गाठींची चाचणी आणि टाके काढणे ही कामे एकमेकांना तपासत करावीत. तासाभराने अदलाबदल.

प्रात्यक्षिक चार पायऱ्यांत द्या, ही शल्यचिकित्सक पेटन यांची शिकवण्याची पद्धत आहे. आधी न बोलता, नेहमीच्या वेगाने एक टाका. मग थांबत थांबत, प्रत्येक हालचाल सांगत दुसरा. तिसऱ्या वेळी विद्यार्थी सांगेल आणि तुम्ही तेवढेच कराल. चौथ्यांदा विद्यार्थी सांगत सांगत स्वतः करेल. तिसरी पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते, आणि खरी तीच मोलाची. "आता होल्डर मध्ये आणा" हे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून आले नाही तर गाठ का चुकते ते तुम्हाला लगेच कळते.

दोन तासांचे सलग सत्र तोडता आले तर तोडा. टोरांटोतील एका चाचणीत (२००६ साली प्रसिद्ध) ३८ निवासी डॉक्टरांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडायला शिकवले. निम्म्यांना चारही सत्रे एकाच दिवशी, निम्म्यांना आठवड्याला एक. महिन्याभराने पाहिले तेव्हा आठवड्याला एक सत्र घेतलेल्यांचा हात सरस होता. शिकवण्याचे तास तेवढेच होते.

गुण देण्यासाठी टोरांटोतच १९९०च्या दशकात तयार झालेली, शल्यकौशल्य जोखायची ओसॅट्स पद्धत वापरता येईल. तिच्या सर्वसाधारण तक्त्यात ऊतीचा मान राखणे, वेळ आणि हालचाल, उपकरणे हाताळणे असे सात निकष असून प्रत्येकाला १ ते ५ गुण आहेत. एवढे जमणार नसेल तर पट्टी घ्या. दहा टाक्यांचे डावे अंतर, उजवे अंतर, दोन टाक्यांमधले अंतर मोजा आणि सगळ्या गाठी एकाच बाजूला आहेत का ते पाहा (गाठ जखमेच्या रेषेवर येता कामा नये). मोजमाप विद्यार्थ्यांनी स्वतः करून वहीत लिहावे. फोनवर फक्त हातांचे तीन मिनिटांचे चित्रण करून घेतले तर ज्यांच्याकडे पाहणे राहिले त्यांचेही नंतर पाहता येते.

प्रश्न : एका मिनिटात किती टाके घालता यायला हवेत?

उत्तर : पहिले काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवा. वेग वाया जाणाऱ्या हालचाली कमी झाल्याने येतो : सुई पुन्हा पुन्हा धरणे, आखूड टोक शोधणे, दोरा सोडवणे. मोजायचेच असेल तर एका टाक्यासाठी सुई किती वेळा धरली ते मोजा.

प्रश्न : लॅबमध्ये सुई टोचली तर काय करावे? कृत्रिम पॅडच आहे म्हणून मुले सांगतच नाहीत. (लॅब प्रमुख)

उत्तर : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. पिळू नये, तोंडात धरू नये. मग लगेच सांगावे, नोंद करावी आणि डॉक्टरांना दाखवावे. नव्या सुईने कृत्रिम पॅडवर काम करताना धोका कमी असतो, तरी धनुर्वाताची लस कधी घेतली ते पाहावे लागते. प्राण्यांच्या ऊतीवरची सुई असेल तर जंतुसंसर्गाकडे अधिक लक्ष ठेवावे. रुग्णावर वापरलेली सुई कोणत्याही कारणाने लॅबमध्ये येऊ देऊ नका. न सांगणाऱ्यांना रागावल्याने पुढची टोचणी आणखी लपवली जाते, त्यामुळे नोंद करणाऱ्याला कधीही बोल लावू नये.

टोचणी बहुतेक वेळा दोनच क्षणी होते. सुई होल्डरमध्ये बोटांनी नीट करताना, आणि गाठ मारताना लोंबणारी सुई विसरल्याने. पहिल्यासाठी सुई नेहमी चिमट्याने हलवावी. दुसऱ्यासाठी लांब दोरा धरलेल्या हाताला सुई कुठे आहे ते कळलेच पाहिजे : ती पॅडच्या बाजूला नजरेसमोर ठेवा किंवा टोक झाकले जाईल अशी होल्डरमध्ये धरा. सुई हातातून हातात देऊ नका, ट्रेमध्ये ठेवा आणि दुसऱ्याने उचलावी. सुरुवातीला सुया मोजून द्या, शेवटी मोजून घ्या. हरवलेल्या सुईसाठी लोहचुंबक ठेवा. सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा.

प्रश्न : मुदत संपलेले दोरे सरावाला चालतात का?

उत्तर : चालतात. त्या पाकिटांवर ठळक अक्षरांत "फक्त सरावासाठी" लिहा आणि ती रुग्णांच्या साठ्यापासून वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे घाईत चुकून उचलली जाणार नाहीत. नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन आणि रेशीम जुने झाले तरी सरावाला पुरतात. पॉलिग्लॅक्टिनसारखे विरघळणारे दोरे पाण्याच्या अंशाने झिजतात, त्यामुळे उघड्या पाकिटात दमट हवेत राहिलेला दोरा गाठ मारताना तुटतो. तो तुटला तर हाताला दोष देण्याआधी नव्या पाकिटातला दोरा घेऊन एकदा तीच गाठ मारून पाहा.